खडीवरच्या रेघा

खट्ट.

डब्याची कडी बसल्याचा आवाज तो केवढासा, पण सकाळच्या त्या गप्प खोलीत तो असा वाजला की तिने श्वासच रोखून धरला. पलंगावर नवऱ्याने कूस बदलली. खाली गादीवर ठकू, तिची पाच वर्षांची लेक, तोंड उघडं टाकून झोपली होती. एक टाच भिंतीला टेकलेली. ती नेहमीच टेकायची, कारण गादी पसरली की खोली संपायची.

"अंडी किती ठेवलीस?" नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं.

"दोन."

"चार ठेव. तिथे पहिल्या दिवशी जेवायला कधी घालतील कोण जाणे."

हा असा तिचा नवरा. वाईट असता तर तिला किती सोपं गेलं असतं! बसच्या डेपोत इंजिनं खोलणारा, तोंडाने फटकळ, साबणाच्या वड्या झिजल्या तरी हातांच्या रेषांतलं काळं तेल न गेलेला. आणि तरी चार अंडी ठेव म्हणणारा. तिने कडी पुन्हा उघडली.

"दहाला ना?"

"दहाला पुकारतात. तीनदा. माणूस समोर नसला की पुढचं नाव."

"मग साडेनऊलाच उभा कर त्याला फाटकाशी. घड्याळ कशाला बांधतात हे तुझ्या दादाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

तिला हसू आलं. आज हसायला हरकत नव्हती. तीन महिने ती या एका दिवसासाठी झिजली होती. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती काजं करायची, दिवसाला दोन-अडीचशे. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती बेघरांच्या निवाऱ्याच्या कचेरीत धावायची, रांगेत उभी राहायची, आणि नंबर यायच्या आत सुट्टी संपली म्हणून परत धावायची. असं किती वेळा झालं, याचा हिशेब तिने ठेवला नाही. शेवटी दादाचं नाव यादीत लागलं. एक पलंग, उशाशी कुलपाचं कपाट आणि मुख्य म्हणजे एक पत्ता. पत्ता असला की माणूस पुन्हा कामासाठी अर्ज करू शकतो. पत्ता नसला की अर्जातली दुसरीच ओळ कोरी राहते आणि घोडं तिथेच अडतं.

आणि आज तो पलंग मिळाला नाही तर? तो विचार ती करत नव्हती. आजच बारा वाजता उद्यानातले सगळे तंबू उठवणार होते. तशा नोटिसा झाडाझाडांना खिळ्यांनी ठोकल्या होत्या.

ठकू जागी झाली, उठून बसली आणि झोपेतच म्हणाली, "मामाकडे?"

"मामाकडे."

"मग मी झालर असलेला फ्रॉक घालणार."

"थंडी आहे गं."

"मामाला थंडी चालते," ठकू म्हणाली. तिच्या आईने फ्रॉक काढून दिला आणि त्यावर दोन स्वेटर चढवले.

*

उद्यानाच्या मोठ्या फाटकातून आत शिरलं की पूर्वी डाव्या हाताला गुलाबांचे वाफे लागायचे. आता निळ्या ताडपत्र्या लागतात. पुठ्ठ्यांच्या भिंती, मोडक्या छत्र्यांची छपरं, झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले मोजे. एका तंबूसमोर चक्क पायपुसणं होतं आणि त्याच्यापुढे कुणीतरी जोडे काढून ठेवले होते, टाचेला टाच लावून. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे ठोकले होते, कुणाला आडवं होता येऊ नये म्हणून. ठकूला ते दांडे भारी आवडायचे. "ही माझी खुर्ची, ही तुझी खुर्ची!" करत ती प्रत्येक बाकावर एकेकदा बसून घ्यायची.

आज मात्र तिला तसं बसायला मिळालं नाही. आई तिला ओढतच नेत होती.

"या, या, काजवाल्या बाई!" एका तंबूतून आवाज आला. हे टाइपिस्ट आजोबा. कोणे एके काळी मोठ्या कचेरीत टाइपिस्ट होते. अजूनही बोलताना त्यांची बोटं गुडघ्यावर टकटक चालायची, जणू आपणच बोललेलं लिहून घेतायत. "माझ्या कोटाचं बटण गेलं बघा, काज मात्र शाबूत आहे. पुढच्या वेळी बटण आणा. काज तुम्ही काय, फुकटात कराल."

"आणते, आजोबा. तयार झालात?"

"मी काय, रोजच तयार असतो." त्यांनी शेजारची पिशवी थोपटली. चेन लावलेली, वर गाठ मारलेली. "यादीत तुझ्या भावाच्या खाली माझाच नंबर. तो शिंकला तरी मी उठून उभा राहतो." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की खोकला लागला. "जा, जा. आत आहे तो. सकाळपासून आत आहे."

आत म्हणजे जपानी बागेत.

उद्यानाच्या कोपऱ्यात बांबूचं कुंपण घातलेली ही बाग. एकेकाळी लोक लांबून बघायला यायचे, नवराबायको फोटो काढून घ्यायचे. आता तळं कोरडं होतं. लोक तिथे कपडे धुवायला लागले म्हणून पाणीच काढून टाकलं होतं. लाकडी चहाघरात कुणी झोपू लागलं म्हणून त्याला साखळी-कुलूप लावलं होतं. दगडी दिव्याचं वरचं टोपण कुणी नेलं, का नेलं, देव जाणे. शाबूत राहिली होती एकच गोष्ट, खडीचं अंगण. चार मोठ्या खोल्या मावतील एवढं, पांढऱ्या बारीक खडीने भरलेलं, मधे पाच काळे दगड.

तेवढं शाबूत राहिलं होतं ते दादामुळे.

चौदा वर्षं तो या खडीवर दाताळं ओढत होता. लाकडी, आठ दातांचं दाताळं. ज्या म्हाताऱ्या माळ्याने त्याला शिकवलं त्याने तीनच गोष्टी सांगितल्या होत्या आणि दादा त्या ठकूलासुद्धा पाठ करून घ्यायचा. आधी दगडांभोवतीची वलयं, मग लांब रेघा. सुरुवात पार पलीकडच्या कोपऱ्यातून, आणि मागे मागे सरकत दारापर्यंत, म्हणजे आपल्या पावलांचे ठसे आपल्याच दाताळ्याने पुसले जातात. आणि तिसरी: रेघ मधे सोडायची नाही. मधे सोडली, वर पाऊल पडलं, की ठिगळ लावता येत नाही, ते दिसतंच. सगळी खडी सपाट करायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. एकदा सुरू केलं की सव्वा तास.

मग ठेकेदार आला. दादाची जागा कागदावरून गेली, आणि रोपवाटिकेमागची खोली नोकरीबरोबर मिळाली होती ती नोकरीबरोबरच गेली. ठेकेदाराच्या माणसांना दाताळं धरता येईना. तेव्हा फाटकावरचा पहारेकरी सकाळी हळूच दादाला आत सोडायला लागला. ठेकेदार खूश, साहेब खूश. दादाला तर कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन वर्षं तो बागेबाहेर ताडपत्रीत झोपत होता आणि बागेत येऊन काम करत होता.

ती दारातून आत आली तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. दादा पाठमोरा, वाकलेला, मागे मागे येत होता. दाराकडची दोन हात पट्टी तेवढी राहिली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"दादा! आजसुद्धा?"

"बारा वाजता कुलूप लावणार आहेत," तो मान न वळवता म्हणाला. "मग नीट करून नको ठेवायला? पाच मिनिटं, बारके. दाढीपण केलीय, बघ."

खरंच केली होती. हनुवटीवर एक ओरखडा होता. बांबूच्या खुंटीला त्याची पिशवी टांगलेली होती, आणि तिच्यावर घडी घातलेला कोट.

"मामा!" ठकूने उडी मारली. आईने तिचा हात घट्ट धरला. "इथेच बसायचं. खडीवर नाही जायचं, माहितीय ना?"

"माहितीय. ठसे पडतात."

त्या दोघी दाराशेजारच्या लाकडी कट्ट्यावर बसल्या. तेवढ्यात एक बाई आणि तिचा नवरा आत आले, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. "अगबाई, केवढं सुंदर! आणि बाहेर बघा काय घाण करून ठेवलीय त्या लोकांनी," बाई म्हणाली. मग दादाकडे बघून मोठ्याने, "छान करता हो तुम्ही काम! तुमच्यासारखे आहेत म्हणून काहीतरी टिकलंय." दादाने अदबीने मान झुकवली. ते दोघं फोटो काढून निघून गेले. तिने दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. उलट थोडा खूशच दिसत होता.

तो आठ दिवस तिच्याकडे राहिला होता, खोली गेली तेव्हा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून जागा केली. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर स्टूल, टेबलपंखा आणि नवऱ्याची पेटी बाहेर व्हरांड्यात. "गर्दी होत होती," दादा म्हणाला. पाचव्या दिवशी आरसा बाहेर. नवऱ्याने आधी थट्टा केली: "उद्या मला ठेवशील बाहेर!" मग आवाज चढवला. शेजारी तक्रार करायला आले. नवव्या दिवशी उजाडताना दादा उठला, त्याने अंथरुणाची घडी केली आणि जोडे हातात घेऊन अनवाणी दाराकडे गेला. ती जागी होती. तिने डोळे मिटून ठेवले. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं.

ते आठवलं की तिचा हात आपोआप कामाला लागायचा. आताही तिने पर्स उघडली, डबा काढून कट्ट्यावर ठेवला. ओळखपत्राची प्रत, दोन फोटो, कचेरीचा शिक्का असलेली चिठ्ठी. फोटो एकच सापडत होता. दुसरा अस्तरात गेला असणार. दोन्ही हातांनी चाचपायला म्हणून तिने ठकूचा हात सोडला.

फोटो सापडला. आणि खडीचा आवाज आला, कर्र, कर्र, कर्र.

ठकू धावत नव्हती. तिच्या मते ती फार जपून जात होती. एका हातात सोललेलं अंडं धरून, चवड्यांवर, अंगणाच्या ऐन मधून मोठा वळसा घेऊन, म्हणजे मामाला पाठीमागून धक्का लागायला नको.

"मामा, हे गार होईल."

दादाने दाताळं उभं केलं, खाली बसला, अंडं घेतलं आणि अर्धं तिला भरवलं. उरलेलं अर्धं स्वतः खाल्लं. तिला उचलून कट्ट्यावर आणून ठेवलं. मग वळून बघितलं. दोन काळ्या दगडांच्या मधून, पंचवीसेक रेघा तोडत, चिमुकल्या चवड्यांची एक माळ गेली होती.

"दादा, चल," ती म्हणाली.

तो बघतच होता.

"दादा, सव्वानऊ झाले. राहू दे ते. कोण बघणार आहे? बारा वाजता कुलूपच लावतायत."

"म्हणूनच," तो म्हणाला. त्याने दाताळं उलटं केलं आणि पाठीकडून खडी सपाट करायला सुरुवात केली. "पंधरा मिनिटं."

"सव्वा तास लागतो! मला सांगतोस? मला?"

तो सपाट करत करत पलीकडच्या कोपऱ्यात पोचला आणि दगडाभोवती पहिलं वलय ओढू लागला. तिने हाका मारल्या. समजावलं. नवऱ्याची, आईची, मेलेल्या बापाची शपथ घातली. मग उठून तरातरा खडीपाशी आली. चार ढांगांत त्याला गाठता आलं असतं, दंडाला धरून फरफटत नेता आलं असतं. तिने पाऊल उचललं आणि ते तसंच राहिलं. ते पाऊल खडीवर पडलं की तो पुन्हा सपाट करणार, पुन्हा कोपऱ्यातून सुरू करणार. जितकं ती त्याला अडवायला जाईल तितका उशीर. आपल्या भावाला ती ओळखत होती. तिने पाऊल मागे घेतलं, ठकूला कडेवर घेतलं आणि फाटकाकडे धावत सुटली.

*

फाटकाशी निवाऱ्याची बस उभी होती. यादीवाल्या बाई हातात कर्णा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, स्वेटरला खांद्यावर रफू केलेलं. समोर पंचवीस-तीस माणसं आणि त्यांच्या पिशव्या.

"बाई, माझा भाऊ आत आहे. अर्धा तास थांबाल का?"

"आजारी आहे?"

"नाही. काम करतोय."

बाईंनी यादी बघितली. "इथे तर काम नाही असं लिहिलंय."

"कामावर नाही तो. काम करतोय फक्त."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. रागाने नाही, दमल्यासारखं. "ताई, सही त्याची लागते. माणूस समोर लागतो. माझ्या हातात काही असतं ना, तर मी हे सगळेच्या सगळे बसमध्ये घातले असते."

"हाकेच्या अंतरावर आहे हो तो!"

"मग हाक ऐकू येईलच की त्याला."

दहाच्या ठोक्याला त्यांनी पुकारायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक पिशवी, एकेक सही. दादाचं नाव आलं तेव्हा कर्ण्याचा आवाज झाडांवरून पार बांबूच्या कुंपणापर्यंत गेला. पलीकडे कावळे उडाले. पहिल्यांदा. ती कुंपणाकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा. ठकूने तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिसऱ्यांदा पुकारण्याआधी बाई जरा थांबल्या, घसा खाकरला, उगाचच यादीचं पान सरळ केलं. तेवढी सवलत त्यांच्या हातात होती, ती त्यांनी दिली. मग तिसऱ्यांदा.

आणि मग पुढचं नाव.

टाइपिस्ट आजोबा पिशवी घेऊन उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. कोटाचं मोकळं काज चिमटीत धरून ते तिच्याकडे बघत होते.

"जाऊ ना, पोरी?"

तिला वाटलं, नाही म्हणावं. थोडं थांबा म्हणावं. तुम्हाला कुणी नाही, त्याला मी आहे, असं काहीतरी ओरडावं. पण त्या वाक्याचा अर्थ अर्ध्या वाटेतच तिला उलटा लागला आणि तिने नुसती मान डोलावली. आजोबांनी सही केली. चांगली वळणदार, सावकाश सही. बसच्या काचेतून त्यांनी हात वगैरे हलवला नाही. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत असावीत; काचेतून तेवढं दिसत नव्हतं.

ती परत बागेत आली तेव्हा दादा शेवटची रेघ ओढून दाराबाहेर येत होता. कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने दाताळं भिंतीला टेकवलं, कोट अंगात घातला, बटणं लावली. पाहायचं नाही म्हटलं तरी तिला दिसलंच. सगळ्या रेघा एका श्वासात काढल्यासारख्या, पाच दगडांभोवती वलयं, आणि कुठेही, कुणाचंही पाऊल नाही.

"झालं," तो म्हणाला. "चल."

"बस गेली, दादा."

"हं."

"नाव पुकारलं तुझं. तीनदा."

"ऐकलं मी," दादा म्हणाला. "तिन्ही वेळा."

"मग?"

"रेघ अर्धी होती, बारके."

तिने हात टेकले. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. तिने पर्समधून डबा काढून त्याच्या हातात दिला. पुढची यादी कधी लागेल ते कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

"मी पाय दिला म्हणून?" ठकूने खालच्या आवाजात विचारलं.

दादा तिच्यासमोर उकिडवा बसला. "छे गं! एवढेसे तर पाय. मला वाटलं, चिमणी गेली. चिमणीवर कोण रागावतं?" त्याने तिचं नाक चिमटीत धरलं. "थंडी वाजतेय तुला. स्वेटरची बटणं लाव."

पहारेकऱ्याने दाराला साखळी घातली. वेळेच्या आधीच. बाहेर ट्रक आले होते आणि हातमोजे घातलेली माणसं ताडपत्र्या गुंडाळत होती. दादाचा तंबू तिसरा होता. पायपुसण्यापुढच्या जोड्यांचा मालक अनवाणीच वाद घालत होता. दादा आपल्या तंबूपाशी थांबला नाही. त्यातलं हवं ते पिशवीत होतं.

"पुलाकडे बघतो जरा," तो म्हणाला. "तू जा. अर्धा दिवस कापतील तुझा." आणि तो कुंपणाच्या कडेने चालायला लागला. चौदा वर्षं मागे मागे चालणारा तिचा भाऊ, कोटात, तिच्याकडे पाठ करून, सरळ पुढे.

ठकू त्याच्याकडे बघत होती. तो अजून हाकेच्या अंतरावर होता.

"मामा काय बघायला चाललाय?"

"जागा."

ठकूने विचार केला. "आपल्या गादीवर आहे की. मी भिंतीकडे सरकते."

तिने मुलीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग काढलं, आणि पुन्हा लावलं. दादा वळणापाशी पोचला होता.

"आई," ठकू म्हणाली, "तू त्याला आपल्या घरी चल असं म्हणालीस का गं? कधीतरी?"